विंडोज १० सोडून लिनक्सवर आलात? मग ‘परमिशन डिनाइड’चं कारण समजून घ्या

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे धडधाकट लॅपटॉपही अपग्रेडला मुकले. अशा मशीनवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकणं हा सोपा पर्याय. ब्राउझर, वायफाय, वेबकॅम लगेच चालतात. गाडी अडते ती आर्डुइनो किंवा ईएसपी३२ बोर्ड जोडल्यावर. केबल ठीक, दिवा लागलेला, तरी अपलोड करताना ‘परमिशन डिनाइड’.

लिनक्समध्ये जोडलेलं यंत्र ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये फाइल म्हणून दिसतं. उबुंटूवर सीरियल पोर्टच्या फाइलचा मालक रूट, ग्रुप ‘डायलआउट’. बाकीच्यांना प्रवेश नाही. नाव मोडेमच्या काळातलं आहे: ज्याच्या हाती पोर्ट, तो फोन लावणार आणि बिल दुसऱ्याला येणार. वेबकॅम मात्र समोर बसलेल्या युजरला आपोआप मिळतो, कारण यूडेव्हच्या नियमांत तशी सोय आहे.

मग तपासायचं कसं?

१. आधी डीमेसेज कमांड बघा. पोर्टच तयार झाला नसेल तर प्रश्न परवानगीचा नाही. उबुंटू २२.०४वर ब्रेल डिस्प्लेची बीआरएलटीटीवाय सेवा सीएच३४० चिपला ब्रेल यंत्र समजून पोर्ट बळकवायची.

२. पोर्ट असेल तर त्याचा ग्रुप बघा. उबुंटूवर डायलआउट, आर्चवर यूयूसीपी.

३. यूजरमॉडने स्वतःला त्या ग्रुपमध्ये घाला. कमांडमध्ये मोठ्या ‘जी’आधी छोटा ‘ए’ हवाच. तो राहिला तर बाकीच्या ग्रुपमधून तुमचं नाव उडतं, सूडोमधूनसुद्धा. नंतर लॉगआउट करून परत लॉगिन करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही.

४. तरीही अडलं आणि अ‍ॅप स्नॅप किंवा फ्लॅटपॅकचं असेल, तर त्याचं स्वतःचं वेगळं कुंपण असतं. तिथली परवानगी वेगळी द्यावी लागते.

सीएचमॉड ७७७ हा ‘रामबाण’ टाळा. केबल काढून लावली की फाइल नव्याने बनते आणि तुमचा बदल जातो. अ‍ॅप सूडोने चालवणं त्याहून वाईट. त्यातली प्रत्येक लायब्ररी रूटच्या अधिकारात चालते, आणि प्रोजेक्टच्या फाइल रूटच्या नावावर गेल्या की उद्या त्या तुम्हालाच सेव्ह करता येत नाहीत.

कुलूप योग्यच आहे. चूक आहे ती किल्ली कुठे आहे हे न सांगण्याची. ‘तुम्ही डायलआउट ग्रुपमध्ये नाही’ एवढं एक वाक्य एररमध्ये असतं, तर नवा माणूस सूडोकडे धावला नसता. विंडोजवरून येणाऱ्यांना टिकवायचं असेल, तर डिस्ट्रोंनी आधी हे वाक्य लिहावं.