तेलाची नळी आणि पुणे डिव्हिजन

परराष्ट्रात फौज उतरविणारे कोणतेही सरकार ‘आम्ही तेलासाठी जात आहोत’ असे कधी जाहीर करीत नाही. मित्रांचे रक्षण, पीडित प्रजेची मुक्तता, घातक शस्त्रांचा बंदोबस्त, सागरी मार्गांची सुरक्षितता अशी कारणे पुढे केली जातात आणि त्यांतील काही खरीही असतात. उलट, पश्चिम आशियात कोठेही बंदूक उडाली की ‘हे सारे तेलासाठी’ असा निर्वाळा देऊन मोकळे होणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही पक्षांचे विचाराचे कष्ट वाचतात, एवढाच त्याचा लाभ. हे कष्ट घ्यायचे तर वॉशिंग्टन किंवा बगदादपासून आरंभ करण्याचे कारण नाही. तेलाशी निगडित अशा आधुनिक काळातील एका मोठ्या मोहिमेचा प्रारंभ मुंबईच्या बंदरातून झाला होता. तिची मुख्य फौज ‘पुणे डिव्हिजन’ या नावाने ओळखली जात होती आणि तिच्यात कोकणातून व देशावरून भरती झालेल्या मराठ्यांच्या पलटणी होत्या. ही मोहीम म्हणजे पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाची, आजच्या भाषेत इराकची, स्वारी.

तिची पार्श्वभूमी अशी. विल्यम डार्सी या गृहस्थाने १९०१ साली इराणच्या शहाकडून तेलाचा मक्ता मिळविला. २६ मे १९०८ रोजी मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले. पुढच्याच वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली, आणि शत्-अल-अरबच्या मुखाजवळील अबादान बेटावर शुद्धीकरण कारखाना उभा राहून तेथवर तेलाची नळी टाकण्यात आली. याच सुमारास विन्स्टन चर्चिल ब्रिटिश नौखात्याचे मंत्री झाले होते. युद्धनौका कोळशाऐवजी तेलावर चालविल्या तर त्या अधिक वेगवान होतात आणि त्यांना कमी माणसे लागतात, हे त्यांनी ओळखले. अडचण एवढीच होती की, वेल्सच्या खाणींत कोळसा मुबलक असला तरी ब्रिटनच्या भूमीत तेल नव्हते. तेव्हा १९१४ च्या जूनमध्ये, महायुद्ध सुरू होण्यापूर्वी जेमतेम दोन महिने, ब्रिटिश पार्लमेंटने या कंपनीचे बहुसंख्य भाग सरकारने विकत घेण्यास मान्यता दिली. खाजगी कंपनीचा मक्ता आणि साम्राज्याचे आरमार यांचे हितसंबंध त्या दिवसापासून एक झाले.

यानंतरच्या तारखा ध्यानपूर्वक वाचण्यासारख्या आहेत. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून गलबतांवर चढून इराणच्या आखाताकडे निघाली. ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारले ते ५ नोव्हेंबरला. म्हणजे युद्ध जाहीर होण्यापूर्वी जवळजवळ तीन आठवडे फौज निघालेली होती आणि बहारीनजवळ येऊन वाट पाहत होती. युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती फाव येथे उतरली आणि २२ नोव्हेंबरला बसरा तिच्या हाती पडले. पुण्याच्या छावणीतून मुंबईच्या गोदीकडे जाणारी लष्करी गाडी त्या काळी बोरघाट उतरून कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण याच मार्गाने जाई. आज शिरगावातील कारकून आणि शिक्षक ज्या लोहमार्गावरून रोज कामावर जातात, तोच मार्ग साम्राज्याच्या युद्धांना माणसे पुरवीत होता.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. या फौजेला केवळ तेलासाठी धाडले होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तुर्की खलिफाने धर्मयुद्धाची हाक दिल्यास हिंदुस्थानातील मुसलमान प्रजेवर काय परिणाम होईल, आखाती किनाऱ्यावरील शेखांवर इंग्रजांचा वचक राहील की नाही, जर्मनांचा बगदादपर्यंत रेल्वे नेण्याचा बेत कोठवर जाईल, या चिंताही सिमल्याला आणि लंडनला होत्या. परंतु या साऱ्या चिंता जुन्या होत्या. शत्-अल-अरबच्या तोंडाशीच तातडीने फौज उभी करावी असे वाटण्याजोगी नवी गोष्ट अबादान हीच होती. तेल हे एकमेव कारण नव्हते. इतर कारणांना निकड आणि दिशा देणारे कारण मात्र ते होते. राजकारणात हेतू बहुधा असेच एकमेकांत मिसळलेले आढळतात. त्यांतला एक नेमका वेगळा काढण्यापेक्षा कोणत्या हेतूवाचून पाऊल पडलेच नसते, हे विचारणे अधिक उपयोगाचे असते.

अबादानचे रक्षण बसरा घेतल्याने साधले होते. फौज मात्र तेथे थांबली नाही. बसऱ्याच्या सुरक्षिततेसाठी डिसेंबरमध्ये कुर्ना घेतले. १९१५ च्या आरंभी तेलाच्या नळीवर हल्ला होऊन ती फुटली, तेव्हा इराणच्या हद्दीतील अहवाजकडे तुकड्या गेल्या. जूनमध्ये अमारा, जुलैमध्ये नासिरिया, सप्टेंबरअखेर कुत-अल-अमारा ही ठाणी जिंकण्यात आली. प्रत्येक नवे ठाणे मागच्या ठाण्याच्या रक्षणासाठी आवश्यक ठरत गेले आणि एका कारखान्याच्या पहाऱ्यासाठी निघालेले सैन्य बगदादच्या वेशीपर्यंत पोहोचले. नदीवर पुरेशा आगबोटी नव्हत्या, इस्पितळांची व्यवस्था तुटपुंजी होती, रसद अपुरी होती. तरीही सेनापती टाउनशेंड यांना पुढे जाण्याचा हुकूम झाला. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईत सुमारे साडेचार हजार माणसे मेली वा जखमी झाली आणि उरलेले सैन्य माघार घेत कुतला आले. तेथे ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वेढले गेले.

हा वेढा जवळजवळ पाच महिने चालला. १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री तसेच ११७ वी मराठा या तिन्ही पलटणी त्या वेढ्यात होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची वेळ आली. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी धर्मसंकोचाने ते मांस दीर्घकाळ नाकारले आणि त्यामुळे ते आधी खंगले. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत बाहेरच्या फौजेची सुमारे २३ हजार माणसे मृत वा जायबंदी झाली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंड शरण गेले आणि सुमारे १३ हजार माणसे तुर्कांची कैदी झाली. सेनापती महाशयांनी कैदेचा काळ कॉन्स्टँटिनोपलजवळील एका बेटावर सन्मानाने घालविला. साधे शिपाई मात्र वाळवंटातून पायी हाकले गेले. रेल्वेच्या बांधकामावर राबता राबता, उपासमारीने व रोगराईने त्यांतील हजारो मृत्युमुखी पडले. या अनर्थाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९१७ साली प्रसिद्ध झाला आणि त्यापायी भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. राजीनामा लंडनमध्ये दिला गेला. सुतक साताऱ्यात आणि रत्नागिरीत पाळले गेले.

मोहिमेचा शेवट तिच्या हेतूवर अधिक प्रकाश टाकतो. मार्च १९१७ मध्ये बगदाद जिंकल्यावर सेनापती मॉड यांनी आपण विजेते म्हणून आलो नसून मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, अशा आशयाचा जाहीरनामा काढला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाचे सचिव मॉरिस हँकी यांनी परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांना कळविले की, तेलसाठ्यांवर ताबा मिळविणे हे आता पहिल्या दर्जाचे युद्धोद्दिष्ट झाले आहे. तुर्कस्तानशी तहकुबी झाली ३० ऑक्टोबर १९१८ रोजी. मोसल शहर त्या दिवशी तुर्कांच्याच हाती होते. तहकुबीनंतर काही दिवसांत ब्रिटिश फौजेने ते व्यापले. १९२० साली सान रेमो येथे ब्रिटन आणि फ्रान्स यांनी तेथील भावी तेलाची वाटणी ठरविली. त्याच वर्षी ‘मुक्त’ झालेल्या इराकी प्रजेने बंड केले, आणि ते मोडण्यासाठीही हिंदी पलटणीच कामी आल्या. १९२७ मध्ये किरकुकजवळ तेलाचा प्रचंड साठा लागला. १९२८ च्या करारानुसार त्याचे मालक चार : ब्रिटिश, अँग्लो-डच, फ्रेंच आणि अमेरिकन गट, प्रत्येकी पावणेचोवीस टक्के. उरलेले पाच टक्के गुलबेंकियन या मध्यस्थाला मिळाले. ज्यांच्या जमिनीखाली तेल होते त्या इराकी लोकांचा आणि ज्यांचे रक्त त्या जमिनीवर सांडले त्या हिंदी शिपायांचा या मालकांच्या यादीत समावेश नव्हता.

या उदाहरणावरून कोणत्याही लष्करी हस्तक्षेपाला लावून पाहण्याजोग्या तीन कसोट्या हाती येतात. फौज केव्हा निघाली आणि कारण केव्हा जाहीर झाले? उतरल्यावर तिने प्रथम पहारा कशावर बसविला? आणि जाहीर उद्देश साधल्यानंतर ती कोठवर गेली? २००३ सालच्या इराक युद्धाला या कसोट्या लावल्या तर काय दिसते? सर्वसंहारक शस्त्रे हे कारण दिले गेले; ती सापडली नाहीत. बगदाद पडल्यावर राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय लुटले जात असताना तेल मंत्रालयाच्या इमारतीवर मात्र अमेरिकन सैनिकांचा पहारा होता. सद्दाम हुसेन पकडले गेले तरी सैन्य माघारी गेले नाही. ते २०११ पर्यंत राहिले. तथापि, चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००९ मध्ये इराकने तेलक्षेत्रांचे लिलाव केले तेव्हा चिनी आणि रशियन कंपन्यांनाही मोठे वाटे मिळाले. केवळ अमेरिकन कंपन्यांची तिजोरी भरण्यासाठी युद्ध झाले, हा सरधोपट सिद्धांत त्यामुळे टिकत नाही. जगाच्या इंधनपुरवठ्याच्या नाड्या कोणाच्या हाती असाव्यात, हा मोठ्या राष्ट्रांचा प्रश्न कंपन्यांच्या नफ्याहून मोठा असतो. १९१४ मध्येही चर्चिल यांना कंपनीच्या लाभांशापेक्षा आरमाराच्या बंबांची काळजी अधिक होती.

आपल्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचा प्रश्न चौथा आहे : माणसे कोणाची आणि निर्णय कोणाचा? महायुद्धाच्या काळात मेसोपोटेमियात हिंदुस्थानातून गेलेल्या सैनिकांची, हमालांची आणि कामगारांची संख्या सहा लाखांच्या आसपास होती. शिवाय १९१७ मध्ये ब्रिटनच्या युद्धखर्चाला १० कोटी पौंडांची ‘देणगी’ हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिली गेली. यांपैकी कशालाही येथील जनतेची संमती घेतली नव्हती. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलाविलेल्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांनी सैन्यभरतीचा संबंध स्वराज्याशी जोडण्यास आरंभ करताच त्यांना अडविण्यात आले आणि ते सभा सोडून निघून गेले. टिळक सैन्यभरतीच्या विरुद्ध नव्हते. ज्या राष्ट्राला आपले सैनिक कशासाठी मरतात हे ठरविण्याचा अधिकार नाही, त्याच्या सहकार्याला अर्थ नाही, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. त्याचे प्रत्यंतर १९४१ मध्ये पुन्हा आले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इराणवर स्वारी झाली आणि अबादानचा तोच कारखाना पुन्हा हिंदी तुकड्यांकरवी ताब्यात घेण्यात आला. तेव्हाही कोणी आपल्याला विचारले नव्हते.

२००३ मध्ये विचारले गेले. इराकच्या उत्तर भागाच्या बंदोबस्तासाठी भारताने सुमारे १७ हजार जवानांची डिव्हिजन धाडावी, अशी अमेरिकेची इच्छा होती. हा भाग म्हणजे मोसलचाच परिसर. होकार दिल्यास अमेरिकेची मैत्री आणि पुनर्बांधणीची कंत्राटे पदरात पडतील, असे सांगणारे आपल्याकडेही होते. संसदेने एप्रिलमध्येच एकमताने युद्धाची निंदा केली होती. अखेर १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने, संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्पष्ट आदेशावाचून सैन्य पाठविता येणार नाही, असा निर्णय जाहीर केला. १९१४ आणि २००३ यांमधील अंतर हे स्वातंत्र्याचे एक रोकडे मोजमाप आहे.

म्हणून आपण निर्धास्त राहावे असे मात्र नाही. मुंबई हायचे तेल १९७४ मध्ये सापडले तेव्हा स्वयंपूर्णतेची आशा पालवली होती. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते आणि त्यातील मोठा भाग आखातातून येतो. आपल्या घरचा गॅस, रिक्षाचे भाडे आणि भाजीचा भाव त्या चिंचोळ्या होर्मुझच्या सामुद्रधुनीला बांधलेला आहे. २०१९ पासून आपले नौदल आखातात भारतीय जहाजांना संरक्षण देत आहे, आणि ते योग्यच आहे. स्वतःच्या जहाजांना सोबत करणे आणि दुसऱ्याच्या भूमीवर ठाणे मांडणे यांत मूलभूत भेद आहे. पण बसरा ते बगदाद हा प्रवासही पहाऱ्याच्याच निमित्ताने सुरू झाला होता. राष्ट्र बलवान होत जाते तसा हा भेद विसरण्याचा मोह वाढतो. तो आवरायचा तर परदेशी सैन्य धाडण्याचा कोणताही प्रश्न प्रथम संसदेत यावा, त्याची मुदत आणि मर्यादा तेथे सांगितली जावी, आणि तेलावरील अवलंबित्व कमी करणे हा संरक्षणखर्चाचाच भाग मानला जावा.

बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीनुसार केवळ आकडे आले. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने अशा भेदभावाबद्दल २०२१ मध्ये माफी मागितली. माफीने नावे परत येत नाहीत. पुन्हा कोणा शासनाला आपल्या माणसांचा असा आकडा करता येऊ नये, एवढे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.