आरमारातल्या आजोबांचा माग

१९४६च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या ‘तलवार’ या नौदल तळावरून पेटलेल्या नाविकांच्या बंडात आमचे आजोबा होते, असं कोकणातली काही घरं अभिमानानं सांगतात, पण कागद मागितला की सगळे एकमेकांकडे बघतात. आधी माळ्यावरची ट्रंक उघडावी. बंडानंतर शेकडोंना नौदलातून काढलं, त्यामुळे कार्यमुक्तीच्या दाखल्यावरची तारीख आणि कारण फार बोलकं ठरतं. जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यात, मागे राहिलेली बायकापोरं वारसाच्या फेरफारात, आणि आधीच्या पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत. तिथं कधी खुद्द आजोबांची वळणदार सहीही सापडते. दोन कागदांत वय जुळलं नाही, तर दचकू नये. भरतीसाठी वय वाढवून सांगणारी पोरं असायचीच. नाव, बापाचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय मात्र कुणालाही आजोबा करू नये!