घाई न करणारी श्रद्धा

घाव, श्रद्धा आणि प्रेम यांची गुंफण असलेल्या ख्रिस्ती कादंबऱ्या इंग्रजीत पुष्कळ निघतात. मराठीनं ही वाट फार आधी धरली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 सालची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. तिची नायिका यमुना विधवा होते, ख्रिस्ती श्रद्धेत आधार शोधते आणि पुनर्विवाह करून नव्यानं संसार मांडते. विधवांचे हाल पदमनजींनी आडपडदा न ठेवता मांडले, हे त्यांचं मोठेपण. तरी यमुनेचं दुःख कथेच्या सोयीनं मिटतं. खऱ्या आयुष्यात ते कसं मिटतं, हे कळतं लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात.

त्याच 1857 च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानं वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेलं मीठसुद्धा घरात धुऊन घ्यायचं. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा. म्हणजे तो घाव त्यांच्याआधीच घरात येऊन बसला होता.

लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. 1893 साली टिळक नागपूरहून आगगाडीनं राजनांदगावला निघाले. हा लोहमार्ग आपल्या भंडारा जिल्ह्यातला, तुमसर रोड स्थानकावरून जाणारा. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा हयात असून संसार मोडला. पदरी लहानगा दत्तू, आसरा नातलगांचा.

काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, त्या आपलं सोवळं सांभाळूनच. टिळक तापट होते, बायकोला त्यांनी कमी सोसायला लावलं नव्हतं. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. जात देवानं केली की माणसानं, या प्रश्नाचं उत्तर लक्ष्मीबाईंनी स्वतःच शोधलं. मग कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. वडिलांच्या घरातली भीती लेकीनं अशी आपल्या हातानं सोडली. मला या पुस्तकातलं खरं प्रेम इथं दिसतं: एकानं थांबणं आणि दुसरीनं आपल्या पायांनी येणं.

आपल्याकडे धानाची रोवणी झाली की पऱ्हे काही दिवस मान टाकतात. शेतकरी त्यांना उपटून पाहत नाही. बांधीत पाणी राखतो. घरातल्या दुखावलेल्या बाईला मात्र आपण तेरवी होताच सांगतो, ‘देवाचं नाव घे अन् विसर आता.’ देव कुठलाही असो, त्याच्या नावानं कुणाचं रडू थांबवणं ही श्रद्धा नव्हे. श्रद्धा आधार देते, मुदत घालत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे : तालुक्यातल्या प्रत्येक वाचनालयात ‘स्मृतिचित्रे’ असावं आणि बायकांइतकंच पुरुषांनीही ते वाचावं. कुणाच्या दुःखाला धर्माचा उपदेश करण्याआधी त्या माणसाचं पुरतं ऐकून घ्यावं. टिळकांच्या घरात जे जुळलं, ते सक्तीनं कधीच जुळलं नसतं.

— लाखनीकर