श्रीरामपूरचा गोलंदाज, परक्या संघाचा खेळाडू

झहीर खानने 15 ऑक्टोबर 2015 रोजी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा 92 कसोटी सामन्यांत 311 बळी त्याच्या नावावर जमा होते. भारताच्या वेगवान गोलंदाजांत तोवर केवळ कपिलदेवच त्याच्या पुढे होता. 2020 मध्ये त्याला पद्मश्रीचा बहुमान लाभला. श्रीरामपूरला या कर्तृत्वाचा अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. तथापि, अभिमानाच्या भरात एक अवघड प्रश्न मागे पडतो. नगर जिल्ह्याचा हा सुपुत्र रणजी स्पर्धेत महाराष्ट्राच्या संघाकडून एकदाही का खेळला नाही?

उत्तर त्याच्या वाटचालीतच आहे. 1978 साली जन्मलेल्या झहीरचे शालेय शिक्षण श्रीरामपुरात झाले. तेथील त्याचे क्रिकेट मात्र टेनिसच्या चेंडूवरचे. सीझन चेंडूची खरी उपासना सुरू झाली ती मुंबईत, नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये, माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्या देखरेखीखाली. अभियंता होण्याची सुरक्षित वाट त्याने सोडली आणि वडिलांनी त्या धाडसाला पाठबळ दिले. पुढे चेन्नईच्या एमआरएफ केंद्रात त्याची गोलंदाजी घडली. मुंबईच्या संघात जागा मिळेना, तेव्हा त्याने बडोदे गाठले. ऑक्टोबर 2000 मध्ये नैरोबीत तो भारतातर्फे खेळला आणि त्याच मोसमात बडोद्याच्या रणजी विजेतेपदात त्याने मोलाचा वाटा उचलला.

वेग ही निसर्गाची देणगी असेल. गोलंदाजी मात्र शिकावी लागते. 2006 च्या सुमारास भारतीय संघातील स्थान गेल्यावर झहीर इंग्लंडमध्ये वूस्टरशायर परगण्याकडून खेळला, तेथे त्याने एका मोसमात 78 बळी घेतले आणि आपली धाव आखूड करून शैलीच नव्याने बांधली. 2007 मध्ये ट्रेंटब्रिजवर त्याने टिपलेल्या नऊ बळींमुळे भारताने इंग्लंडमध्ये 21 वर्षांनी मालिका जिंकली. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेऊन तो शाहिद आफ्रिदीसह अग्रस्थानी राहिला. सराव, मार्गदर्शन आणि सतत खेळण्याची संधी यांचे हे फळ होय. आणि या तिन्ही गोष्टी त्याला जिल्ह्याबाहेर मिळाल्या.

गुणी माणसे महानगरांकडे जाणारच, असा युक्तिवाद यावर केला जाईल. परंतु मुंबईची वाट ज्यांच्या घरच्यांना परवडते, तेच ती धरू शकतात. शेतमजुराच्या किंवा हमालाच्या मुलाने काय करावे? त्याचा वेग गावच्या माळावर टेनिसच्या चेंडूबरोबरच विरून जातो.

ऊस शेतकऱ्याच्या दारातच गाळला गेला पाहिजे, हे याच जिल्ह्याने 1950 साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू करून देशाला शिकवले. त्याच जिल्ह्याने आपले खेळाडू मात्र कच्च्या मालासारखे बाहेर धाडावेत, ही विसंगती आहे. प्रत्येक तालुक्यात निदान एक चांगली खेळपट्टी, एक पगारी प्रशिक्षक आणि शाळेच्या वेळापत्रकात खेळाच्या तासाला गणिताइतकाच मान, एवढे करण्यास कोट्यवधींची क्रीडासंकुले लागत नाहीत. झहीरच्या सत्काराचे फलक लावणे सोपे आहे. त्याच्यासारख्या मुलाला गावातच सीझन चेंडू हाती देणे हे अधिक निकडीचे आहे.