आज्ञा पाठ कशाला?

लिनक्सच्या आज्ञांची यादी पाठ केलीत, तर परीक्षेत गुण मिळतील. संगणक कळेलच असे नाही. त्यापेक्षा ‘व्हेअरइज’ ही आज्ञा वापरून पाहा. तिच्यापुढे ‘एलएस’ लिहा. फायलींची नावे दाखवणारा हा प्रोग्राम कोणत्या डिरेक्टरीत आहे आणि त्याची माहितीपुस्तिका कोठे आहे, दोन्ही पत्ते एका ओळीत मिळतात. आता ‘मॅन एलएस’ लिहून ती पुस्तिका उघडा. इंटरनेटही लागत नाही! युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या पुस्तिकेत प्रोग्रामांतील दोषही नोंदवलेले होते. (आपल्या पाठ्यपुस्तकांत असे कधी पाहिलेत?) शिक्षकांनीही चटकन उत्तर न सांगता विद्यार्थ्याला आधी पुस्तिका उघडायला लावावी. इंग्रजी अडले, तर मात्र शेजारी बसून वाचावे.