हात मुलांचा, निर्णय आपला

आपल्याकडे मुलांच्या हातून दान करायची भारी हौस. देवळातल्या पेटीत नोट टाकायची तर पोराला कडेवर उचलून त्याच्या हातानेच. सिग्नलला गाडीची काच खाली करून दहाचं नाणं द्यायचं तर तेही मागच्या सीटवरच्या लेकीकडून. शाळेतून कुठल्याशा संस्थेचं कार्ड येतं, मग सोसायटीभर बेल वाजवत पैसे गोळा करा. जास्त जमले की सर्टिफिकेट! (आणि कमी पडले की आईबाप गुपचूप भर घालतात, ते वेगळंच.) याला आपण संस्कार म्हणतो. मला तर ही हमाली वाटते. ओझं कुणाचं, कुठे आणि का न्यायचं, यातलं काहीच हमालाला विचारत नाहीत.

सगळ्यात न सोसणारा प्रकार म्हणजे अनाथाश्रमात वाढदिवस. तिथल्या मुलांना ओळीने बसवायचं, कधीही न पाहिलेल्या मुलासाठी त्यांनी टाळ्या वाजवत गाणं म्हणायचं, मग आपल्या चिरंजीवांनी केकचे तुकडे वाटायचे आणि कुणीतरी फोटो काढायचे. या सगळ्यात आपल्या मुलाला काय विचारलेलं असतं? केक चॉकलेटचा हवा की पायनॅपलचा! आश्रमाला या महिन्यात काय हवंय, केक की तूरडाळ की न्हाणीघराला नवीन दार, हे त्याने स्वतः फोन करून विचारलं असतं तर काही शिकला तरी असता.

आता घरचंच सांगते. नातेवाइकांत त्यावरून बरंच रामायण झालंय, आणि प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिलेलं बरं.

सासरे गेल्यापासून पितृपक्षात आम्ही त्यांच्या नावाने २० हजार रुपये देतो. निम्मे एका विद्यार्थी वसतिगृहाला, निम्मे गावच्या देवळाला. २०२५ च्या पितृपक्षात आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि प्रत्येकाला एक मत दिलं. लेक तेरा वर्षांची, धाकटा नऊचा. वसतिगृहावर चौघांचं एकमत झालं. उरलेल्या दहा हजारांवर मात्र तीन विरुद्ध एक असा निकाल लागला. ते पैसे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस यासाठी गेले.

विरोधातलं ते एक मत माझं होतं. लहानपणी कुत्रा चावला म्हणून पोटात १४ इंजेक्शनं घेतलेली बाई आहे मी. कुत्रं दिसलं की अजूनही रस्ता बदलते. पण मुलांनी तयारी केली होती. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, माणसाला तो बहुतेक वेळा कुत्र्याकडूनच होतो, आणि एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर साखळी तुटते, हे लेकीने वहीत लिहून आणलं होतं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात, हे धाकट्याला कुठून तरी कळलं. मग साहेबांनी गल्लीत फिरून मोजणी केली. अकरातल्या चौघांच्याच कानाला खाच! मी हरले. पैसे गेले.

आणि मग फोन सुरू झाले. आत्याबाई म्हणाल्या, "माणसं उपाशी मरतायत आणि तुम्ही कुत्र्यांना देता?" आत्याबाई, हा प्रश्न कुठल्याही दानाला विचारता येतो. सभामंडपात मामंजींच्या नावाची संगमरवरी फरशी बसवली तेव्हा उपाशी माणसं कुणालाच आठवली नव्हती. तेव्हा निर्णय मोठ्यांचा होता ना!

भाऊजींचा मुद्दा जरा वेगळा. दान गुप्त असावं, या हाताचं त्या हाताला कळू नये. मान्य. शेजाऱ्यांना कळू नये, फेसबुकवर तर मुळीच कळू नये. पण घरच्या मुलांपासून कसलं गुप्त? गाडीचा हप्ता किती ते त्यांना पाठ असतं, हॉटेलचं बिल ती वाचतात, नवा टीव्ही किती इंची घ्यायचा ते तर तीच ठरवतात. फक्त आपण दुसऱ्याला काय देतो तेवढंच त्यांना कळायचं नाही! मग मोठेपणी त्यांना खर्च करता येईल आणि देता येणार नाही, यात नवल काय?

पूर्वी हे लपून राहायचंच नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवायला यायचा, तो त्या घरच्या मुलांना नावानिशी माहीत असायचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड असायचा, घराघरात मूठभर धान्य वेगळं काढून ठेवलं जायचं. आपल्या घरची मूठ दुसऱ्याच्या पोरांसाठी जातेय, हे लहानग्याला वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. आता बाबांच्या फोनवर टिंग वाजतं आणि यूपीआयने दान झालेलं असतं. म्हणून तर मुद्दाम टेबलाशी बसायचं.

"मुलांना काय कळतं?" हे तर सगळ्यांनीच म्हणून झालं. ऐका तर मग. नवरा सहज म्हणाला की नव्या करपद्धतीत ८०जीची सूट मिळत नाही. त्यावर लेकीने विचारलं, "मग आता कमी देणार का?" बाबा गप्प. वीसचे वीसच राहिले. संस्थेला फोनही तिनेच केला. एका कुत्र्याला किती खर्च येतो, ऑपरेशननंतर किती दिवस ठेवता, परत त्याच जागी सोडता का? देवळाच्या विश्वस्तांना असे प्रश्न आमच्या घरातून आजवर कुणी विचारले नव्हते, मीसुद्धा नाही.

सगळंच मुलांवर सोडा, असं मी म्हणत नाही. रक्कम आम्ही ठरवली. संस्थेची नोंदणी, हिशेब, पावती बघायचं काम आमचं होतं आणि आम्ही ते केलं. पण विचारायचं तर त्यांचं ऐकायची तयारी हवी, आपल्याला न आवडणारं असलं तरी. "छान कल्पना आहे हं बाळा" म्हणून शेवटी आपल्याच मनातलं करणार असाल तर कृपा करून विचारूच नका. मुलांना ही फसवणूक लगेच कळते, आणि पुढच्या वेळी ती आपल्याला जे ऐकायचं असतं तेच बोलून मोकळी होतात.

असो. पुढच्या पितृपक्षात पुन्हा बसणार आहोत. देवळाची बाजू मांडायला कुणीतरी हवंच, तेव्हा आत्याबाई, जरूर या. धाकट्याने आधीच सांगून ठेवलंय, आजीला पण मत द्यायचं. पण एकच हं!