जोराला वाट देणारा डाव

नंदुरबार-शहाद्याकडच्या वाचकांना कुस्तीची दंगल नवी नाही. म्हणूनच या अंकात आम्ही ज्यूडोकडे वळलो आहोत. ज्यूडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्यूडोची शाळा सुरू केली. या खेळाचे सूत्र असे: समोरच्याने ढकलले की अडायचे नाही, मागे सरायचे. त्याचा तोल पुढे गेला की त्याच्याच जोराने त्याला फेकायचे. फेक येत असतानाच ती उलटवणे हा आम्हाला या खेळातला सर्वांत देखणा भाग वाटतो. आपले पैलवान डावाची तोड काढतात, तेव्हा हेच तर करतात! धोबीपछाड आणि ज्यूडोतली खांद्यावरची फेक यांची घडणही बरीच सारखी. आश्रमशाळांतल्या हलक्या वजनाच्या मुला-मुलींपर्यंत ही विद्या पोहोचावी, असे आम्हाला मनापासून वाटते. तुमच्या वस्तादांनी शिकवलेली एखादी तोड आम्हाला जरूर लिहून पाठवा.